उसनं आडनाव

गुरुवारी सकाळी आठ चाळीसला बडोद्याच्या मांजलपुरात मृदुला मोहितेच्या स्कूटरसमोर पतंगाचा मांजा आडवा आला, आणि फुटपाथवरून कोणीतरी ओरडलं, "अहो, थांबा! गळा!"

तिने करकचून ब्रेक दाबला. मांजा हातभर पुढे होता. उत्तरायण, म्हणजे संक्रांत, होऊन आठवडा झाला तरी शहरभर तारांवरून, झाडांवरून दोरे लोंबत होते. ओरडणारा माणूस पुढे आला, हाताला रुमाल गुंडाळून त्याने मांजा तोडला आणि त्याची गुंडाळी करून खिशात टाकली.

"थँक यू," ती म्हणाली. "तुम्ही... मराठीत ओरडलात?"

"घाबरलो की मराठीच येते तोंडात. आणि तुम्ही मराठीतच थांबलात, बरं झालं."

तिला हसू आलं. तो तिशीचा, उंच, दोन दिवस दाढी न केलेला. सकाळच्या थंडीत त्याचं नाक लाल झालं होतं, आणि हसताना त्याचा एकच गाल हलत होता – डावा.

"इथे राहता?"

"नाही. बोर्ड वाचतोय." त्याने सोसायटीच्या फाटकाशी लावलेल्या फलकाकडे बोट केलं. फ्लॅटचे आकडे आणि समोर नावं. "गावात राहायला येण्याआधी मी सोसायट्यांचे बोर्ड वाचतो. शेजारी कसे असतील ते कळतं. इथे पटेल, शहा, परत पटेल, एक अय्यर... आणि एकटेच बिचारे मोहिते."

"बिचारे कशाने?"

"ओळखता त्यांना?"

"रोज भेटतात. मी मोहिते."

त्याने खिशातून मोबाइल काढला, काहीतरी वाचलं आणि मान वर केली. "मला दहा वाजता मृदुला मोहिते नावाच्या बाई घरं दाखवणार आहेत."

"दहाला वेळ आहे," तिने स्कूटर सुरू केली. "तोवर मी तुम्हाला ओळखत नाही."

ती सावली गावाकडच्या रस्त्यावरच्या पंपांच्या कारखान्यात एच.आर.मध्ये होती. नव्या लोकांना घरं शोधून देणं हे तिचं काम. सकाळचा तो माणूस, नील, पुण्याच्या ऑफिसात डिझाइन इंजिनिअर होता. कंपनीने त्याला दोन गावांतून एक निवडायला सांगितलं होतं – बडोदे किंवा तमिळनाडूतलं होसूर. सोमवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. जिथे जाईल तिथे तो वसईहून आईलाही नेणार होता.

दहा वाजता धवलभाई आपल्या गाडीपाशी हजर होता. धवलभाई दलाल, बोलका, उत्साही. पहिलं घर सुंदर निघालं, दोन बाल्कन्या, समोर कडुलिंब. नीलने दोन्ही बाल्कन्यांत उभं राहून पाहिलं. धवलभाईने सहज विचारलं, "साहेब, अटक शुं? आडनाव?"

"लोपीस."

धवलभाई फोन करायला जिन्यात गेला. परत आला तेव्हा चेहरा पडलेला होता. "सॉरी हां, बेन. मालकाचा भाऊ रहेवा आवे छे."

दुसऱ्या घरीही मालकाचा भाऊ राहायला येत होता. तिसऱ्या घरी भाचा होता.

"बडोद्यातली कुटुंबं फार प्रेमळ दिसतात," नील गाडीत म्हणाला. "मी घर बघितलं की नातेवाईक धावत येतात."

मृदुलाने खिडकीबाहेर बघितलं. सकाळीच तिने त्याला शहराचं कौतुक ऐकवलं होतं. इथे सगळे मिळून राहतात, आमचे पूर्वजही गायकवाडांच्या फौजेतून बाहेरूनच आले, कोणी आम्हाला परकं म्हटलं नाही. हे ती दरवर्षी नव्या लोकांना सांगत असे, आणि तिला ते खरं वाटत असे. आता तिचे कान तापले होते.

संध्याकाळी ती त्याला सेव उसळ खायला लारीवर, म्हणजे हातगाडीवर, घेऊन गेली. ते कामात मोडत नव्हतं.

"तरी कमी घाला यांना," तिने लारीवाल्याला सांगितलं.

"का? मी वसईचा आहे."

"वसईचे असाल. ही बडोद्याची तरी आहे."

तिसऱ्या घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पाव पुढे केला. तो घेताना त्याची बोटं तिच्या बोटांवर जरा जास्तच रेंगाळली. दोघांपैकी कोणीही हात मागे घेतला नाही.

"रडताय?"

"भावनिक झालोय. तुम्ही पहिल्यांदाच मला काहीतरी दिलंत."

"'तुम्ही' पुरे."

"तू पण मग."

मग तो आईबद्दल बोलला. होसूरला चर्च जवळ आहे, सोसायटीत केरळचे, बंगालचे, सगळीकडचे लोक आहेत, कोणी काही विचारत नाही. पण आईला मराठीशिवाय काही येत नाही. ती दिवसभर गप्पांशिवाय राहणार कशी? "इथे मराठी ऐकू येतं. भाजीवालीसुद्धा समजून घेते. आणि गाडीत बसलं की वसई. म्हणून इथे यावंसं वाटतंय." तो थांबला. "आजपासून... आणखी एका कारणाने वाटतंय."

"तरीमुळे?"

"तरीमुळेच."

शुक्रवारी आणखी घरं झाली, आणखी नातेवाईक निघाले. प्रत्येक नकारानंतर तो विनोद करी, पण विनोद लहान होत चालले होते. मृदुला त्याच्याकडे बघे आणि तिला वाटे, सोमवारी हा होसूर म्हणणार. शुक्रवारी निरोप घेताना तिने न विचारताच सांगून टाकलं, "आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट रिकामा आहे. नयनाबेन मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेल्यात. किल्ली बाबांकडे असते. बाबा चेअरमन आहेत. उद्या चहाला ये."

जयसिंगराव मोहित्यांना पाहुणे आवडत. "बेसा, बेसा," ते बडोद्याच्या मराठीत म्हणाले. आईने चहा आणि चकलीसारखी चकरी आणून ठेवली. नील इथे मराठीत बोलतोय, तेही इतकं स्वच्छ, याचाच बाबांना आनंद झाला. वसई म्हटल्यावर तर ते खुर्चीत सरसावून बसले.

"वसई! अरे, आमचे पूर्वज वसईच्या मोहिमेत होते. पोर्तुगीजांच्या किल्ल्याला शिड्या लावल्या होत्या त्यांनी!"

"हो का, काका?" नीलने मृदुलाकडे बघितलं, डावा गाल हलला. "मग आपली ओळख जुनी आहे. आमचे आतल्या बाजूला असणार."

बाबा खळखळून हसले; त्यांना अर्थ लागलाच नव्हता. "मुलगा बोलका आहे हां! आडनाव काय म्हणालात?"

नीलने कप बशीत ठेवला. पण त्याच्या आधी मृदुलाच बोलली.

"वर्तक."

नील तिच्याकडे बघत राहिला. रागावून नव्हे; चुकून दुसऱ्याला हाक मारली गेली की माणूस बघतो, तसा. मग त्याने कप उचलला आणि उरलेला चहा संपवला.

"वर्तक! वाह. म्हणजे प्रश्नच नाही," बाबा म्हणाले. "नयनाबेनना मी आजच फोन करतो."

नील उठला, बाबांच्या आणि आईच्या पाया पडला, चकरी चांगली झाली होती असं सांगितलं. मृदुला त्याच्यामागे जिन्यात आली.

"वर्तक चांगले लोक आहेत," तो पायऱ्या उतरत म्हणाला. "आमच्या गल्लीत होते. त्यांच्या गणपतीला आई करंज्या करायला जायची."

"नील, ऐक ना. करार होईपर्यंतच. एकदा बाबा ओळखायला लागले की मग –"

"करारावर आधार कार्ड लागतं, मृदुला."

याचा तिने विचारच केला नव्हता. रोज दुसऱ्यांचे करार तपासणाऱ्या तिने.

"आणि आईला काय सांगू? रविवारी कुठे जातेस असं जिन्यात कोणी विचारलं तर भाजी आणायला म्हण?" त्याचा आवाज चढला नव्हता. "त्या धवलभाईच्या घरमालकांनी मला घर नाही दिलं, पण माझं नाव तरी माझ्याकडे राहू दिलं."

तो गेला. खालच्या दिव्याचं बटण तिला बराच वेळ सापडलं नाही.

त्या रात्री ती जेवली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. हेही खोटंच. तिला राहून राहून एक गोष्ट खुपत होती: तिला खोटं बोलायला क्षणही लागला नव्हता. नाव तिच्या जिभेवर तयार होतं. इतक्या सफाईने कुठून आलं ते?

रविवारी सकाळी, नील तिथे येईल म्हणून, ती फतेगंजच्या चर्चबाहेर स्कूटरी लावल्या होत्या तिथे उभी राहिली. प्रार्थना सुटली. साड्या, कोट, केसांत गजरे; तमिळ, मल्याळी, गुजराती. एका आजींनी तिला ओळखदेख नसताना लेकीला विचारावं तसं "केम छे, दीकरा?" म्हणून विचारलं. इतकी वर्षं ती या रस्त्याने जात होती. आत कोण जातं हे तिने कधी बघितलं नव्हतं.

नील शेवटी आला. तिला पाहून थबकला.

"कबुली आत द्यायची असते," तो म्हणाला. "बाहेर नुसता चहा मिळतो."

"मला इथेच द्यायची आहे." ती पुढे आली. "मला लाज वाटते, नील. बाबांची नाही वाटत, धवलभाईची नाही... माझीच. मला एवढंच सुचत होतं, तू बडोद्यात राहायला हवास. तू... जायला नकोस."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे?"

"म्हणून तर लागलं. परक्याने केलं असतं तर विनोद केला असता." तो तिच्या स्कूटरच्या आरशात बघत होता, तिच्याकडे नाही. "पण कोण राहायला हवं होतं तुला? वर्तक?"

"नील लोपीस," ती म्हणाली. "आजूबाजूचे लोक वळून बघतील एवढ्या मोठ्याने म्हणू?"

"नको. इथे सगळे लोपीस, फर्नांडिसच आहेत. कोणी वळणार नाही." त्याचा डावा गाल किंचित हलला आणि थांबला. "मला सांगून काय उपयोग? मला माझं नाव माहीत आहे. ज्यांना खोटं सांगितलंस त्यांना सांग. मी दुपारच्या गाडीने घरी जातोय. आईशी बोलतो. उद्या कंपनीला कळवीन."

"काय कळवशील?"

"अजून ठरलं नाही," तो म्हणाला, आणि ते खरं दिसत होतं.

ती घरी आली तेव्हा खिडक्या बंद होत्या. रविवार होता, मटण शिजत होतं. मोहित्यांच्या घरी रविवारी मटण असे, आणि सोसायटीत कोणाला वास जाऊ नये म्हणून कुकर चढवण्याआधी सगळ्या खिडक्या लावल्या जात. कोणी दारात आलं तर "बटाट्याचं शाक" म्हणायचं. हे काम लहानपणापासून मृदुलाचं होतं. चौथीत असताना तिने अय्यरकाकूंना हे इतकं सहज सांगितलं होतं की आईने कौतुकाने तिच्या हातावर लाडू ठेवला होता.

पानं वाढली. तिने सांगितलं. वर्तक नाही, लोपीस. ख्रिस्ती आहेत ते. खोटं मी बोलले, तो नाही बोलला. आणि मला तो आवडतो.

आई वाढता वाढता थांबली. बाबांनी घास खाली ठेवला.

"आतल्या बाजूला," ते म्हणाले. "म्हणजे तो हे म्हणत होता. आणि मी हसलो." त्यांचे कान लाल झाले. "त्याने माझ्या घरात बसून, दुसऱ्याच्या नावाने चहा प्यायला?"

"माझ्यामुळे."

"मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालो असतो की नाही..." ते अडखळले. "हो म्हणालो असतो असं मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण तू मला विचारलंसही नाहीस, मृदुला. परस्पर ठरवून टाकलंस."

आई म्हणाली, "तो पाया पडला होता माझ्या," आणि उठून स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने तिथली खिडकी उघडल्याचा आवाज आला.

संध्याकाळी बाबा कमिटीच्या लोकांना एकेकाला जाऊन भेटले. खऱ्या नावाने सांगितलं. एकाने नाही म्हटलं, दोघांनी विचार करतो म्हटलं, अय्यरांनी विचारलं, यात विचार काय करायचा? नयनाबेनचा फोन लागला नाही. मुलीच्या आवडीबद्दल बाबांनी अवाक्षर काढलं नाही. कमिटीची बैठक पुढच्या रविवारी ठरली.

सोमवारी मृदुला दिवसभर ऑफिसात होती. होसूरच्या शाखेने दोनदा विचारलं, उमेदवाराचं काय ठरलं? तिने कळवलं, अजून उत्तर नाही. नीलला तिने एकच निरोप धाडला होता: बाबांना खरं सांगितलं. तो वाचला गेला होता. उत्तर आलं नव्हतं.

साडेपाचला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मृदुला का गो?" बाईचा आवाज, मागे कोंबड्यांचा कलकलाट. "मी नीलची आई. त्याला मुद्दाम बाजारात पाठवलाय. कालपासून तोंड पाडून बसलाय. मी म्हटलं, बाबा, त्या गावात माणसं कशी आहेत तेवढं सांग, मी येते नाहीतर नाही येत. तर म्हणतो, ते मृदुलाला विचार, ती आता खरं सांगेल. तर सांग बाय. मला गोड बोललेलं नको."

मृदुला उठली, फोन घेऊन गॅलरीत आली. खाली शिफ्ट सुटत होती. तिने दोन्ही हातांनी फोन कानाशी धरला.

"काकू," ती म्हणाली, "आधी माझ्यापासून सुरुवात करते. चालेल?"

"कर. मला काही घाई नाही."

सहाला ऑफिस बंद झालं. नीलचं उत्तर तोवर कंपनीकडे आलेलं नव्हतं. गॅलरीतला फोन चालू होता; मृदुला आता रविवारच्या बंद खिडक्यांपर्यंत आली होती.