पहिलं पिल्लू काचवाल्याचं

त्याला पाहण्याआधी मी स्वतःलाच पाहिलं. भर बाजारात, समोरून चालत येणाऱ्या एका भल्यामोठ्या आरशात... केस विस्कटलेले, कॉलर एका बाजूला, हातात कुत्रीचा पट्टा. आरशाखाली दोन पाय होते. ते थांबले, आरसा हळूच कलला आणि त्याच्यामागून एक चेहरा वर आला. मी नुसती बघतच राहिले.

"सरकता का जरा?" तो म्हणाला. "घाई नाही तशी... पण आरसा जड आहे."

मी सरकले असते हो. पण आमच्या राणीसाहेब सरकेनात. एरवी कुठल्याही कुत्र्याकडे ढुंकूनही न पाहणारी ही सोनेरी बया त्याच्या काचेच्या दुकानासमोर फतकल मारून बसली होती. दुकानाच्या पायरीवर तिच्याच जातीचा, पण तिच्या दीडपट कुत्रा ऐसपैस पसरला होता.

"तो हवालदार," काचवाला म्हणाला. "पायरी ओलांडत नाही, आत तुकडे पडलेले असतात ना. तुमच्या बाईंना पसंत पडलेला दिसतोय."

"बाईंची आवड जरा वरची आहे," मी म्हणाले, आणि माझे कान तापले.

राणीसाहेब मुळात आईची. आई गेल्यापासून बाबा खिडकीपाशी बसून असत आणि बोललेच तर तिच्याशी बोलत. तिचंही वय होत चाललं होतं. 'हिचं एक पिल्लू घरात राहिलं पाहिजे, नाहीतर तुझ्या आईचं काय उरेल इथे?' एवढी एकच गोष्ट त्यांनी माझ्याकडे मागितली होती, आणि तिचे डॉक्टर म्हणत होते की आता नाही तर कधीच नाही. त्या संध्याकाळी मी बाबांना हवालदाराबद्दल सांगितलं. त्याच्या मालकाबद्दल फारसं सांगितलं नाही.

रविवारी तो बोलणी करायला घरी आला. बाबांची पंचाईत झाली, कारण मी समोरच बसले होते.

"तर... हवालदाराचे... म्हणजे त्या कामाचे... तुम्ही काय घेता?"

मी छताकडे बघितलं. काचवाल्याने स्वतःच्या बुटांकडे.

"पद्धत अशी आहे, काका... एक तर पैसे, नाहीतर पिल्लांतलं एक. पहिली पसंती आमची." त्याने बुटांवरून नजर उचलली. "मला पिल्लू चालेल."

"म्हणजे सगळ्यात चांगलं तुम्ही उचलणार," मी म्हणाले.

"चांगलं कुठलं ते कळायला मला बरेचदा यावं लागेल. बघून... पारखून."

हे तो माझ्याकडे बघून म्हणाला. बाबांनी हात पुढे केला. "ठरलं. पहिलं तुमचं."

बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्या क्षणी मला त्याची काळजी वाटली नाही. चार-पाच पिल्लं होतील, एक गेलं तर गेलं!

राणीसाहेब हवालदाराकडे जाऊन आल्या, आणि मग काचवाला आमच्याकडे येऊ लागला. तिच्या पोटावर हात ठेवून तो डोळे मिटायचा. बोटांवर काचेचे जुने ओरखडे, आणि तरी स्पर्श इतका हलका की ती झोपेतून जागीही व्हायची नाही. मी एका प्रयोगशाळेत कवळ्या बनवते, हातांकडे बघायची मला सवयच आहे. पण असे हात मी पाहिले नव्हते.

"दिवसभर दुसऱ्यांचं हसू बनवता," तो एकदा म्हणाला. "स्वतः कधी हसता?"

"गिऱ्हाईक बघून."

राणीसाहेबांना कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. मी फोन केला आणि तो हातातलं काम टाकून पळत आला. पिल्लू बाहेर आलं ते ओलं, गप्प. हलेचना. त्याने ते टॉवेलमध्ये घेतलं, चोळत राहिला, मी नाकातोंडातलं पाणी टिपत राहिले... आमची डोकी एकमेकांना लागली होती. मग ते गुलाबी, बिनदाताचं तोंड उघडलं आणि एक बारीकसा आवाज निघाला. बस, तेवढाच. मला वाटलं, जगातला पहिला आवाज असाच असेल. मी वर पाहिलं तर त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायचं त्याला सुचलं नव्हतं. मी त्याच्या प्रेमात पडले ती तिथे, जुन्या टॉवेलांच्या ढिगात गुडघे टेकून.

आम्ही पुढच्या पिल्लाची वाट बघत बसलो. पुढचं नव्हतंच.

"पहिलं तुमचं," बाबा खिडकीपासून म्हणाले.

"काका, अहो एकच आहे..."

"म्हणजे तेच पहिलं."

त्यानंतर बाबा पिल्लाला कुशीत घेत, आणि लोकांची वस्तू असल्यासारखं जपून खाली ठेवत. मला ते बघवेना. एकदा मी काचवाल्याला जिन्यातच गाठलं. "पैसे घ्या ना. म्हणाल तेवढे."

"पैसेच घेणार होतो. रक्कमही ठरवून आलो होतो त्या दिवशी."

"मग?"

"पैसे घेतले असते तर व्यवहार तिथेच संपला असता." तो कठड्याकडे बघत म्हणाला. "मला तो संपवायचा नव्हता... आता मी पिल्लू नको म्हटलं, तर काका ठेवून घेतील?"

"नाही. उपकार नकोत म्हणतील."

दूध सुटलं आणि तो पिल्लू घेऊन गेला. राणीसाहेब दाराशी बसून राहिल्या. बाबा जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बेल वाजली. दारात काचवाला, बोटाला पट्टी, शर्टातून डोकावणारं पिल्लू.

"काका, अडचण झालीय. हा थेट काचांत घुसला. झडप घालून उचलला म्हणून वाचला. हवालदाराला पायरी शिकवायला माझं वर्ष गेलं होतं. हा शिकेपर्यंत याला दिवसा सांभाळायला कुणीतरी भरवशाचं हवंय. फुकट नको. काय घ्याल?"

बाबांनी आधी ती पट्टी पाहिली. मग त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"रोज?"

"रोज. सकाळी सोडीन, संध्याकाळी नेईन."

बाबांनी हात पुढे केले होतेच. पिल्लू घेऊन ते आत वळले आणि जाता जाता म्हणाले, "माझं मी सावकाश सांगतो. हिला विचार. हिचंही काहीतरी निघत असेल तुझ्याकडे."

दारात आम्ही दोघंच उरलो.

"तर..." तो म्हणाला. "तुम्ही काय घेणार?"

"वर्ष लागेल म्हणालात शिकवायला?"

"हळू शिकवलं तर... जास्तही."

"मग हळूच शिकव," मी म्हणाले. "मला तू आवडतोस."

त्याने पट्टी बांधलेलं बोट माझ्या बोटात गुंतवलं. आत, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, बाबा मोठ्याने बोलत होते. पिल्लाला आईबद्दल सांगत होते, अगदी सुरुवातीपासून.