सायचं ऑपरेशन

"उंदीर मारायचं औषध समोरच्या दुकानात मिळतं. इथे जगवतात," काउंटरवरच्या बाई माझ्या हातातल्या पिंजऱ्याकडे बघून म्हणाल्या.

मी पिंजरा काउंटरवर ठेवला. मागून आवाज आला, "बाई, जगवायलाच आणलेत ना त्यांनी!"

मी वळले. निळा स्वेटर, गळ्यात कंपनीचं आयडी कार्ड, मांडीवर भोकं पाडलेला बुटांचा खोका... आणि एका भोकातून डोकावणारं गुलाबी नाक.

सदाशिव पेठेतल्या त्या दवाखान्यात कुत्र्या-मांजरांच्या गर्दीत उंदीरवाले आम्ही दोघंच. साहजिकच शेजारी बसलो.

"मी इंद्रजीत. हे भाऊसाहेब."

"मी मैत्री. ही थोरली चटणी, ही धाकटी साय. विश्रांतवाडीहून आलोय आम्ही."

"काय झालंय त्यांना?"

"काही नाही. गर्भाशय काढावं की नाही, ते विचारायचंय..."

अनोळखी मुलाशी पहिल्या पाच मिनिटांत कुणी असं बोलतं का! माझे कान तापले. तो मात्र हसला नाही.

"माझी उंदरीण हिरा छातीच्या गाठीनं गेली," तो हळूच म्हणाला. "ती लहान असतानाच ऑपरेशन केलं असतं तर कदाचित... पण मी घाबरलो. आता हा एकटाच आहे. खातो, पण खेळत नाही."

आत जाताना एक पिंजरा, एक पिशवी, एक फाइल – मला आवरेना. पिंजरा त्यानं उचलला.

डॉक्टर प्रेमलाताईंनी दोघींना तपासलं. "साय पाच महिन्यांची आहे. आत्ता केलं तर पुढे गाठी होण्याची शक्यता बरीच कमी होते. पण एवढासा जीव, भूल द्यायची म्हणजे धोका आलाच. चटणी दोन वर्षांची, तिला धाप लागते. तिला मी हात लावणार नाही. सायचं तुम्ही घरी विचार करून सांगा."

आठवडाभर मी विचारच करत होते. ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कामात चुका होऊ लागल्या. दुपारच्या सुट्टीत इंद्रजीतचा फोन यायचा. 'अहो'चं 'अगं' कधी झालं, कळलंच नाही.

"तू काय केलं असतंस?"

"मी भित्रा माणूस. मला नको विचारूस."

"तरी?"

"...केलं असतं. सायसाठी हं. भाऊसाहेबांना सोबत मिळावी म्हणून नाही!"

पोस्टातून निवृत्त झालेले माझे बाबा तर एवढंच म्हणाले, "तिला बोलता येत नाही, बेटा. तू तिच्या बाजूनं ठरव."

मी ठरवलं.

शनिवारी सकाळी सायला आत नेलं. इंद्रजीत रजा टाकून आला होता. दोन चहा घेऊन आला, आणि ते दोन्ही त्याच्याच हातात गार झाले.

"नाही उठली तर?" मी विचारलं.

"तर मी इथेच आहे..." तो म्हणाला. उठेलच, असं खोटं बोलला नाही. तिथेच मला तो आवडला.

पाऊण तासानं डॉक्टर टॉवेलात गुंडाळलेली साय घेऊन आल्या. मिशी हलली. मग एक डोळा किलकिला झाला. मी रडले, आणि शेजारी बघते तर इंद्रजीत माझ्यापेक्षा जास्त!

दहा दिवसांनी टाके दाखवायला गेले, तर तो आधीच येऊन बसलेला. मांडीवर भाऊसाहेब.

"याला काय झालं?"

"शुक्रवारी याचं ऑपरेशन. चटणीचं होणार नाही, म्हणजे... पिल्लं नकोत तर याचंच करावं लागेल ना? मग सहा आठवडे वेगळा ठेवायचा. त्यानंतर तिघं एकत्र राहू शकतात."

"आणि भित्रा माणूस?"

"घाबरलाय. येशील शुक्रवारी?"

"येईन. पण मग तिघं राहणार कुठे? तुझ्याकडे की माझ्याकडे?"

त्यानं खोक्याचं झाकण नीट केलं. पुन्हा एकदा नीट केलं.

"मैत्री, मला... दोन घरं नकोत. मला तू हवी आहेस."

दवाखान्यात तीन कुत्री एकदम भुंकत होती. तरी मला ते स्पष्ट ऐकू आलं.

"सहा आठवडे आहेत," मी म्हणाले. "बाबांना भेटायला पुरतील?"

त्यानं जोरात होकारार्थी मान हलवली... मग मीच त्याचा हात हातात घेतला.