गाळणीची जागा

काचसामान खोक्यांत भरण्यात मावशींची सव्वीस वर्षं गेली. कारखान्यात सगळे त्यांना मावशीच म्हणत, मालकसुद्धा. त्यांनी बांधलेल्या खोक्यातला पेला फुटला अशी तक्रार एकदाही आली नव्हती. त्यामुळे चोपन्नाव्या वर्षी लग्न करून त्या गाडीमागे ओढायच्या ट्रेलरमध्ये राहायला निघाल्या, तेव्हा कारखान्यातल्या बायकांच्या चेष्टेला ऊत आला. "मावशी, आता स्वतःलाच खोक्यात भरताय होय?" एकीने विचारलंच.

मावशींनी ते हसण्यावारी नेलं. नवरा गाडी चालवायला शिकवणारा, त्याला सगळे मास्तर म्हणत. पन्नाशी उलटल्यावर मावशींना गाडी शिकायची हौस आली, तिथली ही ओळख. शिकवणीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी मास्तरांना काचेचा जग भेट दिला, नेहमीच्या सवयीने कागदात गुंडाळून. मास्तरांनी जग बाजूला ठेवला आणि कागदाच्या घड्याच निरखत बसले. "या हातांशी लग्न करायला हवं," ते म्हणाले. त्या दिवशी घरी जाताना मावशी दोनदा भलत्याच गल्लीत शिरल्या.

मास्तर आता काम सोडणार होते. गावोगाव फिरत राहू म्हणाले. ट्रेलर एका अनोळखी जोडप्याकडून घेतलाय, त्यांनी तो धड वापरलाही नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. मावशींनी भाड्याच्या दोन खोल्या सोडल्या. पलंग, कपाट, शिलाईचं मशीन सगळं वाटून टाकलं. आता त्यांचं म्हणून जे काही होतं ते त्या ट्रेलरमध्ये होतं. लाडाने त्या त्याला डबा म्हणायला लागल्या.

डबा भरायचा तो मावशींनीच. जड ते खाली, चाकांच्या बरोबर वर. हलकं ते उंचावर. ताटल्या उभ्या, दोन ताटल्यांमध्ये फडकं. कपाटाच्या तळाशी रबराची जाळी, तिच्यावर सहा पांढरे कप, कपांच्या पोटात मोजे. प्रत्येक दाराला खिट्टी आणि खिट्टीवर पट्टा. सगळं झालं की मावशी डब्याच्या मधोमध उभ्या राहून दणकन उडी मारत आणि कान देऊन ऐकत. कुठे किणकिणलं की ते कपाट पुन्हा उघडायचं. तोवर मास्तर बाहेर गाडीचा हूक लावत. चालत्या डब्यात कुणी बसायचं नसतं, म्हणून प्रवासात मावशी पुढे मास्तरांच्या शेजारी.

पहिल्या मुक्कामाला चार तासांनी दार उघडलं. सगळं जागच्या जागी होतं, एक चहाची गाळणी सोडून. ती ओट्याखालच्या खणात ठेवलेली होती. आता दारामागच्या खिळ्याला टांगलेली. आपणच विसरलो असू, असं म्हणून मावशींनी चहा गाळला.

दुसऱ्या मुक्कामाला कप वरच्या फळीवर गेले होते. मावशींची उंची जेमतेम, तिथे हात पोचायला त्यांना स्टूल लागायचं. कप रांगेत उभे होते आणि सगळ्यांचे कान डावीकडे. मोजे घडी करून शेजारी. मावशी बराच वेळ बघत राहिल्या. सामान सांडतं, घरंगळतं, फुटतं, हे त्यांना पाठ होतं. सामान रांग लावतं हे सव्वीस वर्षांत त्यांनी पाहिलं नव्हतं.

"अहो, कप कुणी हलवले?"

"डबा म्हटलं की हलायचंच," मास्तर म्हणाले. ते टायर तपासत होते. मान काही वर केली नाही.

तिसऱ्या वेळी मावशींनी कारखान्यातला उपाय केला. प्रत्येक दारावर कागदाची पट्टी चिकटवली आणि पट्टीवर सही केली, अर्धी दारावर, अर्धी चौकटीवर. सबंध वाट मास्तर स्टिअरिंगवर होते आणि मावशी त्यांच्या शेजारी. डोळा लागू दिला नाही. पोचल्यावर पाहिलं तर सह्या शाबूत. पट्ट्या फाडल्या. साखरेचा डबा खिडकीशी, तेल त्याच्यामागे, कप वरती. सहा ठेवले होते, आता सात. सातवा तपकिरी, कानाचा टवका उडालेला. ओट्यावरच्या दांडीवर फडकं पिळून वाळत टाकलेलं. निघताना ते कोरडं, घडी घालून खणात ठेवलं होतं. मावशींनी हात लावला. ओलं होतं.

मावशी डब्यातल्या बिछान्यावर बसल्या. भीती वाटलीच, पण तिच्या आधी अपमान वाटला. आपल्या हातच्या कामावर कुणीतरी हात फिरवतंय, आणि तेही नीटनेटकेपणाने.

चौथ्या प्रवासाआधी त्यांनी मास्तरांना मुद्दाम आत बोलावलं. "ती गाळणी खणात टाका जरा." मास्तरांनी टाकली. मावशींनी त्यांच्यादेखत खिट्टी लावली.

पोचल्यावर मावशी एकट्या आधी आत गेल्या. गाळणी दारामागे होती. त्यांनी तिला हात लावला नाही. चहा उकळत ठेवला. मास्तर हात पुसत आले आणि वर्तमानपत्र उघडून दाराजवळच्या बाकावर बसले.

"गाळणी द्या हो जरा," मावशी पाठमोऱ्याच म्हणाल्या, आणि मग हळूच वळून पाहिलं.

मास्तरांचे डोळे बातमीवर होते. हात मात्र उठला, दारामागे गेला आणि न चाचपडता गाळणी काढून पुढे आला. कित्येक वर्षांची सवय असावी तसा.

मावशींनी गॅस बंद केला.

"कोण होती?"

मास्तरांनी हातातल्या गाळणीकडे पाहिलं. वर्तमानपत्राची घडी घातली. पुन्हा घातली.

"सहा वर्षं होतो आम्ही या डब्यात," ते म्हणाले. "मग ती मधेच उतरली."

"मधेच म्हणजे?"

"एका स्टँडवर. पाणी घेऊन येते म्हणाली."

"मग?"

"वाट पाहिली."

"किती वेळ?"

"अजून पाहतोय," मास्तर म्हणाले. चहावर साय धरायला लागली होती. मावशींना वाटलं, आता हा माणूस माफी मागेल, निदान खाली तरी बघेल. पण त्याच्या चेहऱ्यावर ओझं उतरल्यासारखं काहीतरी आलं.

"रिकामा नेला तर काही हलत नाही," तो समजावून सांगावं तसा म्हणाला. "मी भरला तरी नाही. मला कुठे भरता येतं. पण दुसऱ्या कुणी नीट मांडून ठेवलेलं असलं की तिला राहवत नाही. तिला दुसऱ्याची मांडणी कधी चालायचीच नाही. तुझ्याइतकं नीट भरणारं मला कुणी भेटलं नव्हतं गं."

मावशींना तो जग आठवला. कागदाच्या घड्या आठवल्या. आपण चुकलेल्या त्या दोन गल्ल्या आठवल्या, आणि डोळ्यांत पाणी आलं ते त्या गल्ल्यांसाठी आलं.

"म्हणजे तुम्हाला बायको नको होती," त्या म्हणाल्या. "हमाल हवा होता."

"तसं नाही गं."

मावशींनी साय धरलेला चहा ओतून दिला.

सकाळी मावशींनी कपड्यांची पिशवी भरली. दुसरं काही घेतलं नाही, जगसुद्धा नाही. मास्तरांनी त्यांना अडवलं नाही. दारात उभे राहून ते एवढंच म्हणाले, "जाण्याआधी एकदा भरून देशील?"

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली आणि डबा भरला. जड ते खाली, हलकं ते वर, कपांत मोजे, गाळणी खणात. सव्वीस वर्षांत इतकं चोख काम त्यांच्या हातून झालं नव्हतं. शेवटी उडी मारली. काहीही वाजलं नाही. वाटेतल्या स्टँडवर मास्तरांनी त्यांना उतरवलं आणि गाडी पुढे गेली. मागचा डबा वळणावर डुलला. मावशींनी पिशवी उचलली. सकाळपेक्षा जड लागली. रात्रभर झोप नाही, त्याचं असेल म्हणून त्या बसमध्ये चढल्या.

ताईने काही विचारलं नाही. थोरली बहीण ती, चेहरा पाहूनच काय ते समजली. मागची खोली रिकामी करून दिली आणि म्हणाली, "स्वयंपाकघर तुझंच समज." ताई सकाळी कामाला जायची ती संध्याकाळी यायची. दिवसभर मावशी घरात एकट्या. त्यांनी स्वयंपाकघर आपल्या पद्धतीने लावलं, कप खालच्या कपाटात.

तीन आठवड्यांनी दुपारी फोन आला.

"काहीच हलत नाही," मास्तर म्हणाले. आवाज बसलेला होता. "तू भरलंस तसंच आहे. गाळणी खणातच आहे. सात ठिकाणी थांबलो. तू काय केलंस?"

"नीट भरलं होतं," मावशी म्हणाल्या.

"अगं, पण ती..."

"वाट बघा."

त्यांनी फोन ठेवला. चहा तरी घ्यावा म्हणून स्वयंपाकघरात गेल्या.

ताईचे कप वरच्या फळीवर होते.

कान डावीकडे.

रांगेत शेवटचा तपकिरी.

दांडीवर फडकं पिळून टाकलेलं. त्याच्या टोकाला एक थेंब लोंबत होता.

मावशी दाराशी उभ्या राहिल्या. मग त्यांनी स्टूल ओढलं, दोन कप खाली काढले आणि पातेल्यात दोघींपुरतं पाणी घेतलं. चहा उकळला तसा त्यांचा डावा हात न बघता मागे गेला, दारामागे, जिथे कालपर्यंत खिळासुद्धा नव्हता.

गाळणी हाताला लागली.