राहिलेला ठोका

दुपारचं जेवण उरकून कानवाले काका नेहमीसारखे कामावर निघाले. सरकारी जलमंडळात गळती शोधायचं काम त्यांचं. लोखंडी कांडीचं एक टोक जलवाहिनीवर, दुसरं कानाला, की जमिनीखाली पाणी कुठे गळतंय ते बरोबर सांगायचे. घरी मात्र आईचा एक शब्द ऐकत नाहीत, म्हणून मंडळी चिडवायची.

आजची वाहिनी मंडळाच्या स्थापनेच्या काळातली, माणूस वाकून चालेल एवढी. तिच्याच पाण्यावर गावाचं शहर झालं. आणि काही वर्षांपूर्वी काकांचा धाकटा भाऊ ती साफ करायला आत उतरला असताना कुणीतरी घाईने पाणी सोडलं. तो सापडलाच नाही. आता कोरडी पडलेली ही वाहिनी सिमेंटने कायमची भरायची होती. काकांनी ‘आत काही नाही’ म्हटलं, की पंप सुरू.

काकांनी कांडी टेकवली. आधी नुसती शांतता. मग ओल्या कपड्यांचा कुबट वास आला, आणि खोलवरून आवाज…

टक टक… टक.

आत उतरलेल्या माणसाची ही जुनी खूण. मी आत आहे, पाणी सोडू नका. वरच्याने उलट एक ठोका द्यायचा, म्हणजे आतल्याला धीर.

काकांच्या अंगावर काटासुद्धा आला नाही. भाऊ गेल्यापासून हाच आवाज कानात घेऊन ते जेवत होते, झोपत होते. डॉक्टर म्हणाले होते, कानाचा दोष आहे. रडून रडून मन पार बधिर झालं होतं बिचाऱ्याचं.

“काय काका?” पंपाशी उभ्या असलेल्या मंडळाच्या साहेबांनी विचारलं.

“काही नाही… भरा.”

संध्याकाळी घरी आले, तर आई स्वयंपाकघरात नळापाशी चमचा घेऊन बसलेली. आजच्या कामाबद्दल काकांनी घरी चकार शब्द काढला नव्हता.

“अगं, अंधारात काय करतेस?”

“धाकट्याशी बोलत होते रे. रोजच बोलतो तो.” आईचा आवाज अगदी खाली गेला. “आज सारखं एकच विचारत होता… दादाने कान लावला, मग ठोका का नाही दिला?”

काकांनी तिच्या हातातला चमचा ओढून घेतला आणि नळावर एक ठोका दिला. मग आणखी एक. मग देतच राहिले.

उत्तर आलं नाही. नळ घट्ट बंद होता. त्याच्या तोंडातून राखाडी, दाट असा एक थेंब हळूच मोरीत पडला, आणि काकांनी बोट लावेपर्यंत दगडासारखा कडक झाला.