वाचनालयातला जांभळा स्फटिक

"ओरखडा उठला तर स्फटिक, न्हाई उठला तर काच," असं म्हणत अश्वजितनं दगडाचं टोक फुटक्या बाटलीच्या तुकड्यावर ओढलं. कर्रकन आवाज झाला आणि काचेवर पांढरी रेघ उमटली. मग त्यानं दगडावर खिळा घासून पाहिला. दगडाला काहीच झालं नाही.

"म्हणजे खरा आहे!" मुग्धा म्हणाली.

वाचनालयाचे अध्यक्ष दत्तोपंत गुरुजी, म्हणजे मुग्धाचे आजोबा, टेबलापलीकडून बघत होते. "खरा असेल. पण आपला नव्हे," ते शांतपणे म्हणाले. "असल्या पांढऱ्या गारगोट्या शिवारात ढिगानं पडल्यात. आपला दगड जांभळा होता. आणि किल्ली एकाच हातात होती."

तो हात सरजाबाईंचा. त्या अश्वजितच्या आत्या. वाचनालय उघडणं, झाडणं, कपाटं सांभाळणं त्यांच्याकडे. गुरुजींनी किल्ली मागून घेतली आणि खिशात टाकली. "उद्या बैठक आहे. तुमच्या जागी दुसरं कुणी बघावं लागेल," ते म्हणाले. चोर असं कुणी म्हणालं नाही. म्हणालं असतं तर भांडता तरी आलं असतं.

रेणापूरजवळच्या त्या गावात धोंडप्पांच्या विहिरीच्या खोदाईत हा दगड निघाला होता. टोकदार, चमकदार, वांग्यासारखा गडद. दिवाळीत त्यांनी तो वाचनालयाला दिला. आपल्याकडे पंखा दिला तरी पात्यावर देणाऱ्याचं नाव लागतं, मग पंखा फिरताना ते दिसो न दिसो. तशी दगडाच्या पुढच्या सपाट पैलूवरही पुठ्ठ्याची पाटी चिकटली, 'धोंडप्पा यांच्याकडून सप्रेम भेट.' नाव रस्त्यावरून वाचता यावं म्हणून गुरुजींनी काचेचं कपाट खिडकीतच ठेवलं.

मुग्धा दिवाळीत लातूरहून आली होती, तेव्हा तिनं तो जांभळा दगड पाहिला होता. आता मे महिन्याच्या सुट्टीत आली, तर कपाटात खडीसाखरेसारखा फिका खडा. पाटी मात्र तीच. पाटी उपटून दुसऱ्या दगडाला चिकटवली, असं मोठ्यांनी ठरवूनही टाकलं.

"आपणच घोळ घातला," गुरुजी गेल्यावर अश्वजित पुस्तकांच्या कपाटाला टेकत म्हणाला. "दगड काचेचा निघाला असता तर आत्या तसला कुठून आणील, असं म्हणता आलं असतं. आता तर शिवारभर गारगोट्या हायत."

"मी आजोबांशी बोलू?"

"काय बोलणार?"

मुग्धाचेच आजोबा, आणि तिचंच काही चालत नव्हतं.

अश्वजितची धाकटी बहीण बुद्धप्रिया भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. "यावर क्वार्ट्झ लिहिलंय, म्हणजे काय?"

"क्वार्ट्झ म्हणजे स्फटिक. घड्याळाच्या पोटात त्याचा बारीक तुकडा असतो. वेळ तोच सांभाळतो," मुग्धा म्हणाली. पण बैठकीची वेळ जवळ येत होती.

कंटाळून बुद्धप्रियानं खिडकीजवळच्या उघड्या फळीवरून एक पुस्तक ओढलं. "दादा, हे दोन रंगाचं कसं?" पुस्तकाची पाठ फिकट गुलाबी होती, मुखपृष्ठ मात्र लालभडक.

"उन्हानं इटलंय," दारातून सरजाबाई म्हणाल्या. "पडदा मागून मागून थकले मी. पडदा लावला तर नाव दिसत न्हाई म्हणले गुरुजी."

मुग्धा ताडकन उभी राहिली. "पुस्तक विटतं, तर दगड का नाही विटणार? या दगडावर ऊन कुठं पोचलं नसेल?"

तिची आणि अश्वजितची नजर एकदमच दगडावरच्या पाटीवर गेली.

दुसऱ्या दिवशी बैठकीत धोंडप्पा भडकले. "माझं नाव काढायचं? आन् ते कशापायी?"

"फक्त भिजवायचं, काका," अश्वजित म्हणाला. "कोमट पाणी आन् साबण. स्फटिकाला त्यानं काही होत न्हाई. कढत पाणी नको, तडकंल."

धोंडप्पांनी सरजाबाईंकडे पाहिलं. त्या जमिनीकडे बघत उभ्या होत्या. "काढा," धोंडप्पा म्हणाले.

डिंक सुटायला वेळ लागला. खाली पांढरंच निघालं तर सगळंच संपणार होतं. पुठ्ठा अलगद निघाला. खाली, अगदी पाटीच्या आकाराचा, गडद जांभळा चौकोन होता.

"दगड तोच आहे, आजोबा," मुग्धा म्हणाली. "रंग उन्हानं नेला."

गुरुजींनी वाकून त्या चौकोनावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "शाबास पोरांनो. आम्हा म्हाताऱ्यांना कपाटासमोर बसून हे दिसलं नाही." त्यांनी खिशातून किल्ली काढून सरजाबाईंपुढे धरली. "चुकलो. घ्या."

सरजाबाईंनी हात पुढे केला नाही. "गुरुजी, सावलीत ठेवला तर गेलेला रंग परत येतो का?"

"नाही येत," मुग्धा हळूच म्हणाली.

"मग आधी कपाट सरकवा."

गुरुजी आणि धोंडप्पा दोघांनी मिळून, धापा टाकत, ते कपाट आतल्या भिंतीला नेलं. मग सरजाबाईंनी किल्ली घेऊन पदराच्या गाठीला बांधली, दगड मऊ फडक्यानं पुसला आणि जांभळा चौकोन पुढे करून कपाटात ठेवला.