अडतीस घरांचा नकाशा

फरीदाबादच्या कारखान्यात जर्मनीहून टेबल आलं, तेव्हा शांताराम गोवित्रीकरांना आधी रागच आला. साल पंचाण्णव. परदेशी भागीदारी झाली की यंत्रं येतात, कॉफीचं मशीन येतं, टाय लावलेली माणसं येतात. ते सगळं त्यांनी बिनतक्रार सोसलं होतं. पण बत्तीस वर्षं ज्या सागवानी टेबलावर त्यांनी नकाशे काढले, ते भंगारात गेलं आणि तिथे हे काळपट ओकचं धूड येऊन बसलं.

"फाउंडर साहब का अपना टेबल है, शांतारामजी. इज्जत की बात है," मॅनेजर राजवीर म्हणाला.

सोबत फाउंडरचं चरित्रही आलं, गुळगुळीत कागदावर. ऑटो रीनेक, इंजिनियर. लहानशा गावात जन्म. पूल बांधले, गटारं बांधली, तेहतीस साली गावाचा नगराध्यक्ष झाला. बारा वर्षं गाव स्वच्छ ठेवलं. एकावन्न साली वारला. गोवित्रीकरांची मुलगी तेजश्री यूपीएससीचा अभ्यास करत होती. तिनं ते पान दोनदा वाचलं.

"पप्पा, तेहतीस ते पंचेचाळीस, जर्मनी. कुठल्या पार्टीचा असणार हा? आणि स्वच्छ म्हणजे कुणापासून स्वच्छ, यार?"

"मला टेबलाशी मतलब," ते म्हणाले. पण त्या दिवशी जेवण काही गोड लागलं नाही.

जूनमध्ये काम आलं. कारखान्यामागची वस्ती उठणार होती. अडतीस घरं, बहुतेक ओतकामाला आलेल्या मराठी माणसांची. ज्याचं घर नकाशात त्याला नव्या सेक्टरमध्ये प्लॉट, ज्याचं नाही तो रस्त्यावर. शुक्रवारी नकाशा कचेरीत द्यायचा होता. गोवित्रीकरांनी मंगळवारी स्वतः टेप धरून वस्ती मोजली, ट्रेसिंग पेपरवर शाईनं अडतीस घरं काढली आणि जेवायला गेले.

परत येऊन मोजली, तर सदतीस.

वय झालं म्हणायचं, असं पुटपुटत त्यांनी राहिलेलं घर काढलं. बुधवारी जेवून आले तर एकतीस. आता हा विसरभोळेपणा नव्हता. चुकलेली रेघ अर्ध्या ब्लेडनं खरवडायची आणि जागा नखानं घासून गुळगुळीत करायची, ही ड्राफ्ट्समनची जुनी रीत. इथे ती इतक्या सफाईनं पाळली होती की त्यांना क्षणभर त्या हाताचा हेवा वाटला. टेबलाच्या कडेला शाईची भुकटी नीट लोटून ठेवली होती.

ते तडक राजवीरच्या केबिनमध्ये गेले.

"कसम से, मैंने हाथ नहीं लगाया," राजवीर म्हणाला. मग खुर्चीत मागे रेलून, "पर जो नक्शे में नहीं है, वो नहीं है. रहने दीजिए ना."

गोवित्रीकर वस्तीत गेले. ओतकाम करणाऱ्या खंडेरावची बायको शेवंता दारात भाकऱ्या थापत होती. तिच्या पलीकडे सात घरांची जागा झाडून काढल्यासारखी मोकळी होती.

"शेजारचे कुठं गेले गं?"

"शेजारी कोण हुतं, दादा? मोकळीच जागा हाय ही."

त्या मोकळ्या जागेत तीन विटांची एक चूल होती. गोवित्रीकरांनी राखेवर हात धरला. राख गरम होती.

यंत्रं बसवायला आलेला म्हातारा जर्मन फिटर रीनेकच्याच गावचा होता. गोवित्रीकरांनी त्याला गाठलं. तो मोडक्या इंग्रजीत, इकडेतिकडे बघत बोलला. रीनेक ज्यूंना न्यायचे ट्रक नंतर मागवायचा. आधी नगरपालिकेच्या नकाशातून त्या लोकांची घरं खरवडायचा, याच टेबलावर, जेवणाच्या सुट्टीत, कचेरी रिकामी असताना.

"आमच्या भिंतीला भिंत लागून कुणीतरी राहायचं," म्हातारा म्हणाला. "मी त्यांच्या मुलाबरोबर खेळायचो. त्याचं नाव मला आठवत नाही. चेहराही नाही."

गोवित्रीकरांना भीती वाटली, ती क्षणभर. मग असा संताप आला की कानशिलं तापली. मेलेल्या माणसाची ही मिजास! आणि तीही माझ्या कागदावर!

गुरुवारी जेवणाची सुट्टी झाली, सगळे गेले, ते जागचे हलले नाहीत. बत्ती गेली आणि पंखा थांबला. बाहेर लूचा भाजणारा वारा तावदानं हलवत होता. त्यांनी सातही घरं पुन्हा काढली. मग प्रत्येक घरात, मोजणीच्या वेळी टिपलेली त्या माणसांची नावं लिहायला घेतली, देवनागरीत, पहाडगंजच्या मराठी शाळेत गिरवलेल्या गोल अक्षरात.

खर्र, खर्र.

खंडेरावच्या घराची रेघ बारीक होऊ लागली. ब्लेड दिसत नव्हतं, हातही दिसत नव्हता.

गोवित्रीकरांनी डावा तळवा त्या घरावर दाबून धरला.

खर्र, खर्र. आता तळव्याखाली.

"घास," ते मोठ्यानं म्हणाले. "तू घास. मी लिहितो."

उजवा हात थांबला नाही. तेहतीस. चौतीस. तळव्याला गार लागत होतं. सदतीस.

अडतीस.

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. आवाज थांबला.

शुक्रवारी नकाशावर शिक्का बसला. अडतीस घरं, अडतीस नावं. पावती खिशात घालून ते वस्तीत गेले, तर शेवंता शेजारणीशी नळावरून कडाकडा भांडत होती. इतकं गोड भांडण त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. ते तिथेच उभे राहून ऐकत राहिले.

घरी ते हात धूत असताना तेजश्रीनं पाहिलं. डावा तळवा कोरा होता. जखम नाही, व्रण नाही, एकही रेघ नाही.

"पप्पा! चला, डॉक्टरकडे. आत्ताच्या आत्ता!"

"डॉक्टर काय करणार? हे आमच्या धंद्यातलं आहे."

ते चष्मा लावून बसले आणि उजव्या तळव्यावरून बघून डाव्यावर शाईनं एकेक रेघ काढली. आयुष्यरेषा मुद्दाम लांबवली, थेट मनगटापर्यंत.

सकाळी ती दोन मिलिमीटर तोकडी होती. त्यांनी पेन झटकलं आणि चार मिलिमीटर वाढवली.

दुपारी जेवून उठले, तर पाच गेली होती. पेन खिशातच होतं.