दीडशे रुपयांची सुरी

"भिमे, ह्या सुरीला धारेचा दगड लावायचा न्हाई. दगड लागला की हिची किंमत गेली."

तीस वर्षांपूर्वी, फौजेतून सुटीवर आलेला जालिंदर हे बोलला होता. आता जालिंदर नव्हता, आवाज तेवढा मागं राहिला होता. केजच्या पोलीस ठाण्यात त्याच्या बायकोनं, भिमाबाईनं, पुडकं सोडलं आणि त्या आवाजाच्या भरवशावर सांगितलं, "बाईसायेब, ही आमची सुरी न्हाई. हिला दगड लागलाय."

फौजदार प्रियदर्शनीनं सुरी उचलली. वीतभर पातं, पाठीवर करवतीचे दात, पोकळ मूठ. मुठीच्या टोकाला आट्यांचं टोपण, त्यात होकायंत्र. रानात एकट्या पडलेल्या सैनिकाचा संसार त्या मुठीत मावावा, अशी रचना. तिनं टोपण फिरवून काढलं, निरखलं आणि पुन्हा बसवलं.

"कुणाकडे दिली होती?"

"अमरसिंहरावांकडं. किंमत सांगतो म्हनले. चार दिस ठिवून घेतली. काल परत दिली, आन् चारचौघांत म्हनले..."

"काय म्हणाले?"

"ही दीडशाची बाजारातली सुरी हाय. तुजा नवरा जलमभर थापा मारीत हिंडला."

जालिंदरची गोष्ट साऱ्या गावाला पाठ होती. सोमालियात शांतिसेनेत असताना जळत्या गाडीतून त्यानं एका परदेशी कॅप्टनला ओढून काढलं, आणि त्या कॅप्टननं कमरेची सुरी सोडून त्याच्या हाती दिली. गाव ऐकायचं आणि हसायचं.

"सुरी जाऊ द्या, सायेब," भिमाबाई म्हणाली. "मेलेल्या मानसाला खोटं पाडलं."

अमरसिंहराव म्हणजे जुन्या हत्यारांचे जाणकार. निदान ते स्वतः तसं सांगत, आणि त्यांच्या बैठकीत फुकटचा चहा पिणारे माना डोलावत. भिंतीवर तलवारी, जंबिये, कट्यारी. प्रियदर्शनीनं मोजली, तेरा हत्यारं होती. चौदाव्या जागी नुसतेच दोन खिळे.

"मॅडम, ह्या बाईच्या नादाला कुठं लागता?" अमरसिंहरावांनी पाय लांब केले. "खरी असती तर पात्यावर कारागिराचा शिक्का असता, नंबर असता. धारही त्यानं लावली तशीच असती. मग लाखांत गेली असती. ही निव्वळ नक्कल. ह्यांच्या घरात असली वस्तू यायची कुठून?"

'ह्यांच्या' म्हणताना त्यांचा ओठ असा मुडपला, जणू शब्दालाच वास येत होता. माना डोलल्या.

"तिनं आणली ती हीच सुरी?"

"हीच."

"तुमच्याकडे अशी दुसरी?"

"कधीच नव्हती."

"चार दिवस कुठं होती?"

"कपाटात. किल्ली माझ्या खिशात."

"कुणी हात लावला? पूजाबिजा?"

अमरसिंहराव पोट धरून हसले. "दीडशाच्या सुरीला हळदकुंकू? लई भोळ्या हाव तुमी, मॅडम."

प्रियदर्शनीनं टोपण फिरवून काढलं. आट्यांमध्ये लाल काहीतरी घट्ट बसलं होतं. त्यात तांदळाचा अर्धा दाणा.

"हे काय?"

"गंज," अमरसिंहराव न बघताच म्हणाले.

तिनं टोपण बसवलं आणि उठली.

अंगणात म्हातारा गडी बंकट जीप धूत होता.

"मामा, खंडेनवमीला एवढी हत्यारं कोण मांडतं?"

"मीच की! ईस वर्सं झाली. धुतो, दगडावर धार लावतो, मांडतो. मालक कुंकू वाहत्यात."

"किती आहेत?"

"चौदा," बंकट अभिमानानं म्हणाला.

तिथून ती भिमाबाईच्या घरी गेली. दोन खोल्या, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली गणवेशातला जालिंदर.

"मावशी, दसऱ्याला तुम्ही ती सुरी पुजायचात?"

"न्हाई ओ. सासऱ्यांनी दीक्षा घेतली तवापासून बंद. दसऱ्याला आमी पांढरं नेसून विहारात जातो. हळदकुंकू वाहायला घरात देवच न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी झडतीसाठी दोन पंच आणि भिमाबाईला घेऊन प्रियदर्शनी पुन्हा त्या बैठकीत उभी राहिली. चहावाली मंडळी हजरच होती.

"अमरसिंहराव, गंजात तांदूळ उगवत नाही."

कुणाची मान हलली नाही.

"आट्यांत कुंकू आहे, अक्षतांचा दाणा आहे. म्हणजे ही सुरी पूजा होणाऱ्या घरातली. भिमाबाईंच्या घरात हत्यारं पुजत नाहीत. बंकटमामा चौदा मांडतात, भिंतीवर तेरा आहेत. चौदावी ही. दगडाची धारही मामांच्याच हातची."

"मी कावून असलं करीन?"

"कारण तुम्ही फसला होतात. ही नक्कल तुम्ही कुठूनतरी खरी म्हणून आणली, पूजेत मांडली. भिमाबाईंची सुरी शेजारी ठेवली तेव्हा कळलं, की जाणकाराला कुणीतरी उल्लू बनवलंय. ती लाज गिळण्याऐवजी तुम्ही तिच्या पदरात टाकलीत. पातं पुसलंत, टोपणाचे आटे पुसायचं सुचलं नाही. कुंकू न लागलेलं हत्यार एखाद्या घरात असू शकतं, हे तुमच्या डोक्यात आलंच नाही. त्या घराकडे तुम्ही कधी पाहिलंच नव्हतं."

"पुरावा काय?"

"तुमचंच बोलणं. दुसरी नव्हती, पूजा झाली नाही, किल्ली तुमच्या खिशात. सगळी दारं तुम्हीच लावून घेतलीत. आता कपाटाचं तेवढं उघडा."

दारातून बंकट पुटपुटला, "मालक, ती आपलीच हो. मीच धार लावलेली."

"गप बे!" अमरसिंहराव ओरडले. मग त्यांनी खिशातून किल्ली काढून कपाटाला लावली.

कपाटात खरी सुरी निघाली. शिक्का, नंबर एकेचाळीस, दगड न लागलेली धार. मुठीत काड्या, गळाची दोरी आणि गुंडाळलेला इंग्रजी कागद. प्रियदर्शनीनं तो मराठीत वाचून दाखवला.

"जालिंदरला. तुझ्यामुळे मी माझ्या मुलीचं तोंड पाहीन." खाली कॅप्टनची सही, तारीख.

"ते टोपन उघडतं, हे आमच्या घरात कुनाला ठावंच नव्हतं," भिमाबाई म्हणाली.

"हा फाडला नाहीत, कारण कागदासकट गिऱ्हाईक दुप्पट देतं," प्रियदर्शनी अमरसिंहरावांना म्हणाली. "ज्या गोष्टीला तुम्ही थाप म्हणालात, तीच विकायला निघाला होतात."

मंडळी चपला शोधू लागली. काल मान डोलावणाऱ्या एकानं जाता जाता अमरसिंहरावांच्या उंबऱ्याबाहेर थुंकून घेतलं. तो काही कालच्यापेक्षा भला झाला नव्हता.

जप्तीचे कागद झाल्यावर प्रियदर्शनी भिमाबाईजवळ बसली.

"मावशी, कोर्टातून सुटली की सुरी तुमची. दोन-तीन लाखांना जाईल."

"इकायची न्हाई."

"मग किंमत काढायला कशाला गेला होतात?"

भिमाबाईनं पदर तोंडाशी नेला.

"कुनाला सांगितलं न्हाई, सायेब. गाव हासायचं, तवा मीबी हासायची. तोंडावर म्हनायची, बाजारातनं आनली आन् आमाला येडं करता. मरायच्या आदल्या दिशी ते म्हनले, भिमे, तू तरी खरं मान. मी कूस बदलली." तिनं पदर खाली सोडला. "मला किंमत नव्हती पायजे. माजा मानूस खरा व्हता का, तेवढंच इचारायचं व्हतं."